एम-65 ओरिजिनल की रिप्रो: नुसत्या लेबलवर जाऊ नकोस, सगळा कोट एकच साल सांगतोय का ते बघ

तुझे सहाच्या सहा फोटो काल रात्री लॅपटॉपवर झूम करकरून बघितले. तुझा प्रश्न असा, की टेक्सासच्या मामाने तुझ्यासाठी ऑनलाइन 240 डॉलरला अमेरिकन सैन्याचं एम-65 फील्ड जॅकेट घेतलं, विकणाऱ्याने सांगितलं 1969 चं, व्हिएतनामच्या काळातलं, ओरिजिनल आर्मी इश्यू (सैन्याने सैनिकाला दिलेलं), आणि आता ते पुण्यात तुझ्या हातात आल्यावर मित्र म्हणतोय की हे रिप्रो, म्हणजे मागाहून बनवलेली नक्कल आहे, तर खरं काय आणि रिप्रो असेल तर कितपत चांगलं.

आधी उत्तर देतो मग कारणं सांगतो. माझ्या मते हे रिप्रोडक्शनच आहे. शिलाई वाईट नाहीये, कटिंग तर बऱ्यापैकी अभ्यास करून केलेलं दिसतंय, पण 1969 शी त्याचा संबंध नाही आणि 240 डॉलर हे ओरिजिनलचे पैसे आहेत, या कोटाचे नाहीत. फोटोवरून शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, म्हणून खाली जे लिहितोय ते तू स्वतः हातात कोट घेऊन तपास.

मी मूळचा इचलकरंजीचा, घरात लूम होते, कापड हाताला लावून त्याचं रीड-पिक (उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी) सांगायची सवय वडिलांनी लावली. गेली 22 वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे आणि त्यातली 16-17 वर्षं हे जुने मिलिटरी कोट गोळा करणं, रिपेअर करणं, लोकांना तपासून देणं चालू आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे कुठल्याही एका खुणेवरून निकाल द्यायचा नाही. लेबल, चेन, कापड, दोरा, बटणं, झिजलेल्या जागा, हे सगळे साक्षीदार आहेत असं समज आणि प्रत्येकाला वेगवेगळं विचार की तुझं साल कुठलं. ओरिजिनल कोटात सगळे एकाच सुमाराचं साल सांगतात. रिप्रोमध्ये कोणीतरी एकजण फुटतोच.

आता तुझं लेबल. तुझ्या तिसऱ्या फोटोत कॉन्ट्रॅक्ट नंबर दिसतोय, डीएसए 100-69-सी आणि पुढे चार आकडे. यातला डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी, सैन्यासाठी खरेदी करणारी सरकारी संस्था, 100 म्हणजे त्यांचं फिलाडेल्फियाचं खरेदी ऑफिस (माझ्या घरापासून तासाभरावर, सगळ्या सैन्याचे कपडे तिथूनच खरेदी व्हायचे, ती जागा 1999 ला बंद झाली), आणि 69 म्हणजे आर्थिक वर्ष. इथे पहिली गंमत लक्षात ठेव, त्या काळी अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू व्हायचं, त्यामुळे 69 असं छापलेलं असलं तरी करार 1968 च्या जुलैपासून 1969 च्या जूनपर्यंत कधीही झालेला असू शकतो आणि कोट शिवून यायला त्यानंतरही महिने लागायचे. म्हणजे 69 चं लेबल म्हणजे 1969 ला शिवलेला असं छातीठोक कोणी सांगू नये. 1977 मध्ये डीएसएचं नाव बदलून डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं, त्यामुळे त्यानंतरच्या लेबलवर डीएलए 100 येतं.

पण तुझ्या लेबलचा घोळ कॉन्ट्रॅक्ट नंबरात नाहीये, त्याच्या खालच्या ओळीत आहे. तिथे स्टॉक नंबर आहे 8415-00 असा सुरू होणारा, एकूण 13 आकडे. 8415 बरोबर आहे, तो कपड्यांचा गट आहे. पण मधले ते दोन शून्य बघ. अमेरिकेत आधी 11 आकड्यांचा फेडरल स्टॉक नंबर होता, 8415 नंतर डॅश आणि लगेच तीन आकडे, मग चार. 1974 च्या शरदात त्याचा 13 आकडी नॅशनल स्टॉक नंबर झाला, तेव्हा मध्ये देशाचा कोड म्हणून 00 घुसवला. म्हणजे 1969 च्या करारावर शिवलेल्या कोटाच्या लेबलवर, पाच वर्षांनी सुरू झालेली पद्धत छापलेली आहे. हे होऊच शकत नाही. ज्याने लेबल बनवलं त्याने ऐंशीच्या दशकातल्या कोटाचं लेबल समोर ठेवून फक्त कॉन्ट्रॅक्टची ओळ जुनी टाकली, असा माझा अंदाज.

अजून एक, खऱ्या एम-65 च्या लेबलवर जॅकेट हा शब्द नसतो, सैन्याच्या भाषेत तो कोट आहे, सुरुवातीला कोट, मॅन्स, फील्ड वगैरे, नंतर कोट, कोल्ड वेदर. आणि साइज नुसता एम किंवा एल असा नसतो, मीडियम रेग्युलर असं लिहून खाली उंची 67 ते 71 इंच, छाती 37 ते 41 इंच अशी रेंज दिलेली असते. तुझ्या लेबलवर हे बरोबर आहे, म्हणजे बनवणाऱ्याने मेहनत घेतलीय. पण नुसतं एल लिहिलेलं, किंवा 65 टक्के पॉलिस्टर 35 टक्के कॉटन लिहिलेलं, किंवा मेड इन अमुक देश असं लेबल दिसलं तर तो बहुतेक बाजारातला सिव्हिलियन कोट आहे. अमेरिकेत सैन्याचे कपडे देशातच शिवलेले, देशातल्याच कापडाचे असले पाहिजेत हा नियम 1941 पासून आहे.

तरीही लेबल चुकीचं म्हणजे कोट खोटा असं समजू नकोस, आणि उलटंही समजू नकोस. 2011 मध्ये मी स्वतः एका फ्ली मार्केटमधून एक एम-65 घेतला होता, लेबल इतकं सुंदर, डीएसए 100-67, शाई ताजी, 11 आकडी नंबर, सगळं जिथल्या तिथे. घरी आणून उलटा केला, दिव्याखाली धरला तर लेबलच्या भोवती, टाक्यांच्या बाहेर साधारण दोन सूत अंतरावर सुईच्या भोकांची आणखी एक ओळ. आणि अस्तरावर लेबलच्या कडेने एक गडद पट्टी, म्हणजे आधी तिथे मोठं लेबल होतं, त्याच्याखाली अस्तराचा रंग उतरला नव्हता, आणि कोणीतरी ते काढून दुसऱ्या फाटक्या कोटाचं छोटं लेबल लावलं. टेप लावली तर लेबल सांगतंय स्मॉल आणि कोट निघाला चांगला मोठ्या मापाचा. लेबल अस्सल, कोट दुसराच. त्या दिवसापासून मी लेबल वाचायच्या आधी लेबलचे टाके बघतो. तूही आधी तेच कर, कोट उलटा कर, लेबल बोटाने किंचित ताण, दुसरी भोकं आहेत का, आजूबाजूच्या शिलाईचा दोरा आणि लेबलचा दोरा एकाच रंगाने उतरलेत का, लेबलवर लिहिलेलं माप टेपने येतंय का.

आता कापड, कारण तुझा कोट मला सगळ्यात जास्त इथे खटकला. खरा एम-65 साटीनचा असतो, कॉटन आणि नायलॉन मिसळून, चौरस यार्डाला साधारण 9 औंस वजनाचा म्हणजे आपल्या भाषेत 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. साटीनमध्ये एक धागा चार धाग्यांवरून तरंगत जातो म्हणून वरची बाजू गुळगुळीत, थोडी चकाकणारी लागते, तिरक्या रेघा ठळक दिसत नाहीत, आणि मागची बाजू पूर्ण वेगळी दिसते. तुझ्या पाचव्या फोटोत कोपराजवळ कापडावर स्वच्छ तिरक्या रेघा चाललेल्या दिसतायत. ते ट्विल आहे. साटीन विणणं जरा खर्चिक, आणि वाऱ्याला अडवेल इतकं दाट विणणं अजून खर्चिक, म्हणून स्वस्त रिप्रो करणारे पॉलिस्टर-कॉटनचं ट्विल घेतात, डाय करतात, लांबून अगदी तसंच दिसतं. पुण्यात तुला कुठल्याही कापडवाल्याकडे पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) मिळेल, नाहीतर मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने काढ. कापड चांगलं बघायचं असेल तर कोटाची घडी घालून कडेकडून प्रकाश सोड, साटीनचा पृष्ठभाग पाण्यासारखा सरळ चमकतो, ट्विलवर रेघांच्या सावल्या पडतात. हे वाचून समजणार नाही पण एकदा दोन्ही कापडं शेजारी शेजारी ठेवलीस की परत कधी चुकणार नाहीस. आमच्याकडे वडील डोळे मिटून नुसता अंगठा फिरवून सांगायचे, मला अजून तितकं जमत नाही.

शिलाईच्या आतल्या बाजूला जे कापडाचं मार्जिन सुटलेलं असतं तिथून दोन-चार धागे काढून जाळून बघता येतं. कॉटन जळतं तेव्हा कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, नायलॉन वितळतं, पॉलिस्टर काळा धूर सोडतं आणि कडक काळी गोळी होते. पण मिश्र कापडात हे सगळं एकत्र होतं, म्हणून या एकट्या टेस्टवर मी भरवसा ठेवत नाही. यूव्ही टॉर्चचंही तसंच, लोक सांगतात दोरा निळा चमकला की नवीन, पण आजच्या कुठल्याही डिटर्जंटमध्ये कपडा पांढरा दिसावा म्हणून जी पावडर असते तीच यूव्हीखाली चमकते, 1967 चा अस्सल कोट कोणी मागच्या वर्षी वॉशिंग मशीनमध्ये टाकला असेल तर तोही दिवाळीसारखा उजळतो. टॉर्चचा खरा उपयोग फरक बघायला, म्हणजे सगळ्या शिलाया एकसारख्या दिसतायत आणि फक्त लेबलच्या भोवतीची किंवा एका खिशाची शिलाई वेगळी चमकतेय, तर तिथे नंतर कोणीतरी हात घातलाय.

चेनबद्दल तू विचारलंस. तुझी चेन पिवळी, पितळी आहे. साठच्या दशकातल्या करारांच्या एम-65 वर मला आजपर्यंत ॲल्युमिनियमचीच चेन दिसलीय, राखाडी, मोठ्या दातांची, ओढणीवर स्कोव्हिल किंवा कॉनमार असं नाव, पितळी चेनचे जे हाताळले ते सगळे नंतरच्या करारांचे. म्हणजे ही दुसरी विसंगती. पण चेन तुटते, बदलतात, माझ्याकडेच दोन अस्सल कोट आहेत ज्यांच्या चेन मागाहून लावल्यात, म्हणून चेनच्या दोन्ही बाजूंनी जुनी भोकं बघ. भोकं नसतील आणि चेन पितळी असेल तर ती कारखान्यातूनच आलीय, आणि मग कोट 69 चा नाही. आणि चेन सरळ आहे की लाटांसारखी वाकलीय तेही बघ. खरा कोट अनेक वर्षं धुतला गेला की कॉटनच्या धाग्यांमुळे कापड आटतं पण चेन आटत नाही, म्हणून जुन्या कोटाच्या चेनच्या कडेने कापडाला बारीक चुण्या पडतात.

आता सगळ्यात सोपी आणि माझी आवडती जागा. एम-65 च्या कॉलरमध्ये मागे एक चेन असते, ती उघडली की आतून पातळ कापडाची टोपी बाहेर येते. बहुतेक सैनिकांनी ती फार वापरली नाही, ती तशीच गुंडाळून पडून राहिली. खऱ्या जुन्या कोटाची ती चेन उघडतो तेव्हा बाहेरचं कापड उन्हाने फिकट, जवळजवळ पिस्त्याच्या रंगाचं झालेलं असतं आणि आतून टोपी निघते ती गडद ऑलिव्ह. तसंच खिशाच्या फ्लॅपच्या खाली, खांद्याच्या पट्ट्यांच्या खाली, आणि पॅच काढला असेल तर त्या जागी. ऊन जिथे पोचलं नाही तिथे मूळ रंग जिवंत असतो. कारखान्यात जुनं दाखवण्यासाठी कोट पूर्णच्या पूर्ण एन्झाइमने धुतात तेव्हा टोपीही बाहेरच्या कापडाइतकीच उतरते, फ्लॅपखालचं कापडही तेवढंच उतरतं. तुझ्या चौथ्या फोटोत फ्लॅप अर्धा वर आहे, खालचा आणि वरचा रंग मला सारखा दिसतोय, पण प्रकाश पिवळा आहे म्हणून नक्की सांगत नाही.

झीजही अशीच वाचायची. माणूस जिथे हात लावतो तिथे कोट झिजतो, कफची कड, खिशाच्या फ्लॅपचं टोक, कॉलरची घडी मानेला घासते ती रेघ, उजव्या हाताने लिहिणाऱ्याचं उजवं कोपर जास्त. मशीनवर किंवा सँडपेपरने झिजवलेल्या कोटाची झीज दोन्ही बाजूंना आरशात बघितल्यासारखी सारखी असते. कफच्या वेल्क्रोकडेही बघ, जुन्या वेल्क्रोच्या हुकांमध्ये धागे, केस, लोकर अडकून घट्ट झालेलं असतं, ते खोटं बनवणं कोणी करत बसत नाही.

कटिंगचं म्हणशील तर तुझा कोट पास आहे. खऱ्या एम-65 मध्ये पुढे चार खिसे, लपलेली प्रेस बटणं, कफच्या आत दुमडून ठेवलेलं त्रिकोणी कापड, जे उघडून हाताच्या पाठीवर घेता येतं, कमरेला आणि खाली दोरी, पाठीवर खांद्याजवळ चुण्या सोडलेल्या म्हणजे हात पुढे घेताना ताण येत नाही, आत लायनर (थंडीसाठीचं काढता येणारं जाड अस्तर) लावायला बटणं. तुझ्याकडे हे सगळं आहे. त्रिकोणी कापड आणि पाठीच्या चुण्या हे दोन स्वस्त रिप्रोमध्ये सर्रास वगळतात. खांद्यावर पट्ट्या आहेत तेही बरोबर, अगदी सुरुवातीच्या कोटांना त्या नव्हत्या, नंतर आल्या.

छातीवरच्या पट्ट्या आणि पॅचबद्दल एकच सांगतो, त्यांच्यासाठी एक रुपया जास्त देऊ नकोस. पॅच आजही नवे मिळतात, कोणीही शिवून देतं. तुझ्या कोटावर काळ्या कापडावर सोनेरी अक्षरांची यू. एस. आर्मीची पट्टी आहे, ती जुनी स्टाइल, 1966 पासून व्हिएतनाममध्ये त्या जागी हिरव्यावर काळी अक्षरं आली कारण सोनेरी लांबून दिसायचं. 69 च्या कोटावर सोनेरी पट्टी अशक्य म्हणणार नाही, पण बाकी सगळ्यासोबत बघितलं तर तीही एक बोट दाखवतेय. आणि नावाची पट्टी, प्लीज, स्वतःच्या हौसेने कुठल्यातरी अमेरिकन आडनावाची करून लावू नकोस. खऱ्या कोटावर जे नाव असतं तो माणूस खरा होता, वीस वर्षांचा मुलगा, अनेकदा सक्तीच्या भरतीने गेलेला. मी असे कोट हातात घेतो तेव्हा दरवेळी ते नाव मोठ्याने वाचतो. ती जागा खोट्याने भरणं मला पटत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग, रिप्रो म्हणून कितपत. लोक रिप्रो आणि फेक एकच समजतात, तसं नाहीये. जपानमध्ये बझ रिक्सन्स, रियल मॅककॉइज अशा ब्रँडनी जुने कोट उसवून, कापड परत विणून घेऊन, चेनसुद्धा जुन्या पद्धतीच्या लावून रिप्रो केलेत, बझ रिक्सन्स 1993 पासून हेच करतंय, आणि त्यांचा माल मी हातात घेतलाय, काही बाबतीत मूळ सरकारी शिलाईपेक्षा सरस. ते स्वतःचं नाव लावून विकतात, तिथे कोणाची फसवणूक नाही. चामड्याच्या ए-2 फ्लाइट जॅकेटमध्ये तर अजून बारकावे आहेत, ती 1931 ला आली, 1943 ला नवीन ऑर्डर थांबल्या, आणि 1988 ला अमेरिकन एअर फोर्सने ती परत सुरू केली, म्हणजे 1988 नंतरची ए-2 पूर्णपणे खरी सरकारी असते आणि तरी दुसऱ्या महायुद्धातली नसते. फसवणूक कोट बनवण्यात होत नाही रे, विकताना कोण काय सांगतं त्यात होते. तुझा कोट बनवणाऱ्याने कदाचित रिप्रो म्हणूनच विकला असेल, मधल्या कोणीतरी बनवणाऱ्याचं लेबल काढून सालाची गोष्ट चिकटवली असेल. म्हणूनच लेबलच्या टाक्यांमधून ते कळेल.

तुझ्या कोटाला रिप्रो म्हणून मी कटिंगला चांगले मार्क देईन, लेबलला मध्यम, कापडाला कमी. अंगात घालायला मस्त आहे, पुण्याच्या थंडीत लायनरशिवायही चालेल, आणि ट्विल असल्याने धुवायला ओरिजिनलपेक्षा सोपं. तेवढं वापरायचं असेल तर ठेव, पण मग विकणाऱ्याकडून किमतीतला फरक माग.

परत द्यायचं ठरवलंस तर मामाला आजच सांग, कारण परत घ्यायची मुदत निघून जाईल. विकणाऱ्याला मेसेज लिहिताना फेक आहे, फसवलं असलं काही लिहू नका, नुसते दोन मुद्दे लिहा, की 69 च्या करारावर 13 आकडी स्टॉक नंबर आहे आणि तो 1974 च्या आधी नव्हता, आणि कापड साटीन नसून ट्विल आहे. सोबत दोन्हीचे जवळून काढलेले फोटो जोडा. जाणकार विकणारा असेल तर याला उत्तर नसतं. आणि कोट तोपर्यंत धुवू नका, पट्ट्या उसवू नका, जसा आला तसाच घडी करून कापडी पिशवीत ठेव, प्लास्टिकमध्ये नको, पावसाळ्यात आत बुरशी धरते.

आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून मला तीन फोटो पाठव: कॉलरची चेन उघडून टोपी आणि पाठ शेजारी शेजारी, लेबलची कड भोकांसकट, आणि चेनच्या ओढणीवर मागच्या बाजूला काय कोरलंय ते.